हैती : चित्र आणि चरित्र

कोणत्याहि परक्या देशाविषयीं आपल्या मनांत जें चित्र असतें, तें आपण स्वतः काढलेलें क्वचितच असतें. बहुधा दुसऱ्या कोणीं तरी तें रंगवून, चौकटींत बसवून आपल्या हातीं दिलेलें असतें, आणि आपणहि तें मागून-पुढून न पाहतां भिंतीवर टांगतों. हिंदुस्थान म्हटला कीं पुंगी वाजविणारा गारुडी, असें एक चित्र युरोपच्या बाजारांत किती तरी वर्षें खपलें. त्याचा आपणांस राग येतो, आणि तो यावयासच पाहिजे; परंतु दुसऱ्यांच्या अशा चित्रांविषयीं आपण फारसे चौकस नसतों. कॅरिबियन समुद्रांतील हैती ह्या लहानशा राष्ट्राच्या वांट्यास असेंच एक चित्र आलें आहे. त्याच्या आड दडलेलें चरित्र मात्र जगाच्या इतिहासांत दुसरें सांपडावयाचें नाहीं.

फ्रेंच राज्यक्रांतीचा पाठ चालला असतांना मीं एकदां वर्गास विचारलें, "हैती म्हटलें म्हणजे तुम्हांस काय आठवतें?" चारपांच हात वर झाले. एकानें भूकंप सांगितला, दुसऱ्यानें दारिद्र्य सांगितलें. मागच्या बाकावरच्या एका चिरंजीवांनीं तर उभें राहून, दोन्ही हात पुढें ताठ करून आणि मान वांकडी टाकून चार पावलें चालून दाखविलीं. सारा वर्ग हंसला. तो चलच्चित्रांतला 'झोंबी', म्हणजे चालतें प्रेत, दाखवीत होता! हंसें ओसरल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नाहीं, हलकेच म्हणाली, "सर, पण ते लोक एवढे गरीब कां आहेत?" प्रश्न चार शब्दांचा, उत्तर तासांत मावेना. तें येथें सविस्तर लिहीत आहें. भूकंप, दारिद्र्य आणि तें चालतें प्रेत, तिहींचाहि उलगडा त्यांतच होतो.

क्यूबाच्या पूर्वेस हिस्पॅनिओला नांवाचें एक मोठें बेट आहे. त्याचा पश्चिमेकडील सुमारें एकतृतीयांश भाग म्हणजे हैती. उरलेला डोमिनिकन प्रजासत्ताकाचा. तेथील मूळच्या ताइनो लोकांच्या भाषेंत 'आयिती' म्हणजे उंच डोंगरांची भूमि. हिंदुस्थानचा शोध करावयास निघालेला कोलंबस १४९२ च्या डिसेंबरांत येथें पोहोंचला. आपल्या देशाचें नांव त्या अर्ध्या गोलार्धास विनाकारण चिकटलें तें ह्याच घोटाळ्यामुळें. नाताळच्या रात्रीं त्याचें मुख्य जहाज ह्या किनाऱ्यावर रुतून फुटलें, व त्याच्या लांकडांचा त्यानें एक कोट उभारला. पुढें अर्ध्या शतकाच्या आंतच सक्तीची मजुरी आणि युरोपांतून आलेले रोग ह्यांनीं ताइनो लोक जवळजवळ नाहींसे झाले. १६९७ च्या तहानें बेटाचा पश्चिम भाग फ्रान्सकडे गेला आणि त्याचें नांव 'सें-दोमिंग' पडलें.

येथून खरी कथा सुरू होते, आणि ती साखरेची कथा आहे. साखर हा शब्द आपल्या संस्कृत शर्करेचा. इंग्रजींतील 'शुगर' हि अरबांच्या वाटेनें तिच्यापासूनच निघालेली. ऊस ह्या बेटावर नेला तो कोलंबसानें, १४९३ सालीं, दुसऱ्या सफरींत. आपल्यापैकीं ज्यांचीं गांवें उसाच्या मुलखांत आहेत, त्यांस पाचटानें अंग कसें चिरतें आणि गुऱ्हाळाच्या काहिलीजवळ उभें राहणें किती कठीण असतें, हें सांगावयास नको. पण आपला शेतकरी रात्रीं घरीं येऊन स्वतःच्या घोंगडीवर निजतो. सें-दोमिंगच्या मळ्यांत घाम गाळणारा माणूस स्वतःचाच नव्हता. आफ्रिकेंतून जहाजांच्या तळांत कोंबून आणलेले स्त्रीपुरुष तेथें विकले जात. हंगामांत चरक रात्रंदिवस चाले. पेंगुळल्या हातानें ऊस सारतां सारतां बोटें लाटांत सांपडलीं, तर सारा हात ओढला जाण्यापूर्वीं तो तोडतां यावा म्हणून वेस्ट इंडीजमधील कित्येक चरकांजवळ कुऱ्हाड तयार ठेवलेली असे. १७८९ च्या सुमारास ह्या एका वसाहतींतून युरोपांतील सुमारें चाळीस टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी येत असे. गोरे होते तीसचाळीस हजार, मिश्र रक्ताचे वगैरे स्वतंत्र लोक जवळजवळ तितकेच, आणि गुलाम होते सुमारें पांच लक्ष! त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेंतच जन्मलेले होते. जुने इतक्या वेगानें मरत कीं नव्यांची भरती एकसारखी करावी लागे. पॅरिसमधील ज्या सुखवस्तु घरांतून स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ह्यांवर चर्चा झडत, त्या घरांतील कॉफीच्या पेल्यांत ही साखर विरघळत होती.

१७९१ च्या ऑगस्टांत, 'बोआ केमाँ' नांवाच्या रानांत एका रात्रीं गुलामांची गुप्त सभा भरली व बुकमन नांवाच्या पुढाऱ्यानें त्यांस शपथ दिली, अशी तेथील परंपरा आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत उत्तरेकडील उसाचे मळे पेटले. ह्या वणव्यांतून जो पुरुष पुढें आला त्याचें नांव तूसें लूव्हेर्त्यूर. गुलामगिरींत जन्मलेला, मळ्यावर गुरांची आणि घोड्यांची निगा राखणारा, पुढें मुक्त झालेला आणि वाचावयास शिकलेला हा मध्यमवयीन गृहस्थ पाहतां पाहतां सेनापति झाला. स्पेनचें आणि इंग्लंडचें सैन्य त्यानें परतविलें. १७९३ सालीं तेथील फ्रेंच अधिकाऱ्यास गुलामांची मुक्तता जाहीर करावी लागली, आणि १७९४ च्या फेब्रुवारींत पॅरिसच्या राष्ट्रसभेनें ती साऱ्या फ्रेंच वसाहतींस लागू केली. वर्गांत आपण शिकतों कीं राज्यक्रांतीनें गुलामांस मुक्त केलें. माझ्या मतें हें वाक्य उलटें वाचावयास हवें. गुलामांनीं राज्यक्रांतीस तिच्या स्वतःच्याच शब्दांची आठवण करून दिली.

नेपोलियनला तो शब्द मागें घ्यावयाचा होता. त्यानें १८०१ च्या अखेरीस आपला मेहुणा लक्लेर ह्यास वीस हजारांहून अधिक सैनिक देऊन रवाना केलें. तूसेंला बोलणीं करण्याच्या मिषानें बोलावून दग्यानें पकडण्यांत आलें, आणि उष्ण कटिबंधांत जन्मलेला हा वीर फ्रान्समधील जुरा पर्वताच्या एका थंडगार किल्ल्यांत १८०३ च्या एप्रिलांत मरण पावला. ग्वादलूप बेटावर गुलामगिरी पुन्हां आणल्याची बातमी सें-दोमिंगला पोहोंचली, तेव्हां लोकांस कळून चुकलें कीं आतां मधला मार्ग उरला नाहीं. पीतज्वरानें आणि गनिमी लढाईनें फ्रेंच सेना खचली; लक्लेर स्वतः तापानें गेला. १८ नोव्हेंबर १८०३ रोजीं व्हेर्त्येर येथें देसालीन ह्या सेनापतीनें शेवटचा विजय मिळविला, आणि १ जानेवारी १८०४ रोजीं नव्या राष्ट्रानें ताइनो लोकांचें जुनें नांव धारण केलें. गुलामांनीं बंड करून राज्य स्थापिलें आणि टिकविलें, असें हें जगांतील एकच उदाहरण आहे.

ह्या विजयावर एक डाग आहे, आणि तो झांकणें मला प्रशस्त वाटत नाहीं. १८०४ च्या पहिल्या कांहीं महिन्यांतच देसालीनच्या हुकमानें मागें राहिलेल्या फ्रेंच लोकांची, बायकामुलांसुद्धां, कत्तल झाली. फ्रेंचांची बाजू सोडून आलेले पोलिश शिपाई आणि कांहीं जर्मन वसाहतवाले तेवढे वांचले. मागील शंभर वर्षांच्या छळानें ह्या कृत्याचें कारण कळतें. समर्थन होत नाहीं. तथापि एक गोष्ट ध्यानांत यावी. युरोप-अमेरिकेंतील वृत्तपत्रांनीं ही कत्तल पिढ्यान् पिढ्या आठवणींत ठेविली, आणि तिच्या आधीं त्याच मळ्यांत जे लक्षावधि जीव कुजून मेले त्यांचा हिशेब मात्र कोणीं मागितला नाहीं. हैतींतच जन्मलेले इतिहासकार मिशेल-रॉल्फ त्रूयो ह्यांनीं १९९५ सालीं 'सायलेन्सिंग द पास्ट' ह्या ग्रंथांत ह्या विस्मृतीची मीमांसा केली आहे. त्यांचें म्हणणें असें, कीं गुलाम स्वतःच्या विचारानें क्रांति करूं शकेल ही कल्पनाच त्या काळच्या विद्वानांस अशक्य वाटत होती, आणि जें अशक्य वाटतें तें डोळ्यांपुढें घडूनहि दिसत नाहीं.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर. स्वातंत्र्य मिळालें, पण तें मान्य कोण करणार? अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांनीं, आपल्या पदरीं गुलाम असल्यामुळें, १८६२ पर्यंत हैतीस राष्ट्र म्हणून मान्यता दिली नाहीं. फ्रान्सनें दिली, परंतु ती विकत दिली. १८२५ सालीं फ्रान्सचा राजा दहावा शार्ल ह्यानें तोफांनीं सज्ज अशीं लढाऊ जहाजें पाठवून एक आज्ञापत्र हैतीच्या अध्यक्षांपुढें ठेविलें. पूर्वींच्या मळेवाल्यांची जी मालमत्ता बुडाली तिच्या भरपाईदाखल पंधरा कोटी फ्रँक पांच हप्त्यांत द्यावे आणि फ्रेंच मालावर निम्मीच जकात घ्यावी, म्हणजे स्वातंत्र्य मान्य होईल! ह्या बुडालेल्या मालमत्तेंत जमिनी होत्या, इमारती होत्या, आणि माणसेंहि होतीं. म्हणजे ज्यांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते, त्यांनींच चाबूकवाल्यास आपल्या देहाची किंमत मोजावयाची. रकमेची कल्पना यावी म्हणून सांगतों: ह्याच फ्रान्सनें १८०३ सालीं लुइझियाना हा अवाढव्य मुलूख अमेरिकेस विकला तो सुमारें आठ कोटी फ्रँकांस.

पहिला हप्ता तीन कोटींचा. तो देण्यास तिजोरींत पैसा नाहीं, म्हणून पॅरिसच्याच सावकारांकडून तीन कोटींचें कर्ज काढलें. सावकारांनीं आपली दलाली आधींच कापून हातावर ठेविले दोन कोटी चाळीस लक्ष. सावकाराच्या दारीं गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट आपल्या आजोबांकडून ज्यांनीं ऐकली असेल त्यांस ही रीत ओळखीची वाटेल. फरक एवढाच कीं येथें कुळाच्या जागीं सबंध राष्ट्र होतें. १८३८ सालीं एकूण रक्कम नऊ कोटींवर आणण्यांत आली, तरी कर्ज फेडण्यासाठीं पुन्हां कर्ज हा फेरा चुकला नाहीं. कॉफी विकून आलेला जो पैसा शाळा, रस्ते आणि दवाखाने ह्यांवर लागावयाचा, तो बोटींत बसून फ्रान्सला जात राहिला. ह्या दंडांतून उद्भवलेल्या कर्जांची शेवटची बाकी फिटली ती १९४७ सालीं, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्या सालीं! आज्ञापत्रास दोनशें वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, १७ एप्रिल २०२५ रोजीं, फ्रान्सच्या अध्यक्षांनीं ह्या प्रकरणाच्या अभ्यासासाठीं दोन्ही देशांतील इतिहासकारांचें संयुक्त मंडळ नेमण्याचें जाहीर केलें.

सारा दोष परक्यांचाच, असें मात्र मी म्हणणार नाहीं. हैतीच्या राज्यकर्त्यांनींहि आपल्या लोकांचें थोडें वांटोळें केलें नाहीं. उत्तरेकडे राजा होऊन बसलेल्या क्रिस्तोफनें डोंगराच्या माथ्यावर जो प्रचंड किल्ला बांधविला तो पाहणारा थक्क होतो, पण ते दगड वर नेले ते सक्तीनें राबविलेल्या प्रजेनें. १९५७ पासून १९८६ पर्यंत द्युव्हालिये पितापुत्रांनीं गुप्त पथकांच्या जोरावर जो अंमल केला, त्याचें वर्णन मुलांच्या अंकांत न केलेलेंच बरें. २०२१ च्या जुलैंत तेथील अध्यक्षांचा त्यांच्याच घरांत खून झाला, आणि तेव्हांपासून राजधानींत सशस्त्र टोळ्यांनीं सामान्य माणसास जगणें कठीण करून टाकलें.

आतां त्या चालत्या प्रेताकडे वळूं. १९१५ सालीं अमेरिकेच्या नौसैनिकांनीं हैतीचा ताबा घेतला आणि तो १९३४ पर्यंत सोडला नाहीं. रस्ते बांधण्यासाठीं त्यांनीं एका जुन्या कायद्याच्या आधारानें खेड्यापाड्यांतील लोकांस धरून आणण्यास आरंभ केला. आपल्या भाषेंत ह्यास वेठबिगार असा नेमका शब्द आहे. ह्याच काळांत सीब्रुक नांवाचा एक अमेरिकी प्रवासी तेथें हिंडला आणि १९२९ सालीं त्यानें 'द मॅजिक आयलंड' हें पुस्तक लिहिलें. त्यांत प्रेतें उठवून त्यांजकडून उसाच्या शेतांत काम करून घेतात, अशी कथा होती. पुस्तक तुफान खपलें. तीन वर्षांत, १९३२ सालीं, 'व्हाइट झोंबी' हा चित्रपट निघाला. आणि त्या दिवसापासून हैती म्हणजे जादूटोण्याचें बेट, अशी जगाची खात्री पटली.

पण ह्या समजुतीचा हैतींतील मूळ अर्थ ऐकाल, तर हंसूं येणार नाहीं. तेथल्या खेडुताचा झोंबी कोणावर धांवून जात नाहीं, कोणास चावत नाहीं. माणसें खाणारा झोंबी ही पुढची, १९६८ सालच्या एका अमेरिकी चित्रपटापासूनची निपज आहे. मूळचा झोंबी म्हणजे ज्याचा आत्मा हिरावून घेतला आहे असा देह. धनी सांगेल तें काम तो मुकाट्यानें, रात्रंदिवस, मजुरीशिवाय करितो. त्याच्या जेवणांत चुकून मीठ पडलें तर तो भानावर येतो, असें म्हणतात. म्हणून हैतीचा माणूस झोंबीला भीत नाहीं. आपण स्वतः झोंबी होऊं, ह्याला तो भितो. मेल्यावर तरी सुटका होईल, हा गुलामाचा शेवटचा आधार होता. तोहि काढून घेतला तर? ज्यांच्या पणज्या त्या चरकांजवळ उभ्या होत्या, त्यांच्या भीतीनें घेतलेलें हें रूप आहे. गंमत, गंमत कसली, क्रूर योगायोग असा, कीं त्या चित्रपटांतहि साखरेचा चरक आहे, आणि एक झोंबी त्यांत पडतो तरी बाकीचे काम थांबवीत नाहींत. प्रेक्षकांनीं तेथें भुताटकी पाहिली. माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकास तेथें सें-दोमिंग दिसतें.

हैतींतील लोकांनीं आपलें चित्र आपण काढण्याचा यत्न केला नाहीं, असें नाहीं. जां प्रिस-मार्स ह्या पंडितानें १९२८ सालीं खेडुतांच्या गोष्टी, गाणीं आणि श्रद्धा ह्यांवर पुस्तक लिहून सुशिक्षितांस, फ्रेंचांची नक्कल सोडून ह्या वारशाकडे आदरानें पहा, असें बजाविलें. तरीहि १९४१ च्या सुमारास तेथील कॅथॉलिक धर्माधिकाऱ्यांनीं सरकारच्या साह्यानें मोहीम काढून खेड्यांतील पूजेचे ढोल जाळले. मला सर्वांत अधिक मोलाची वाटते ती एका छायाचित्राची हकीकत. वेठीविरुद्ध आणि परक्या अंमलाविरुद्ध लढणारा शार्लमान्य पेराल्त हा पुढारी १९१९ सालीं मारला गेला. नौसैनिकांनीं त्याचें प्रेत एका दारास बांधून उभें केलें, छायाचित्र घेतलें आणि लोकांस जरब बसावी म्हणून त्याच्या प्रती वांटल्या. लोकांनीं तें पाहिलें तों, कमरेस वस्त्र, मान कलती, पाठीशीं उभी फळी: त्यांस वधस्तंभावरील ख्रिस्तच दिसला! धाकासाठीं काढलेलें चित्र घरोघर भक्तीचें झालें, आणि पुढें फिलोमे ओबँ ह्या चित्रकारानें त्याच प्रसंगास क्रूसारोहणाचें रूप देऊन तें रंगविलें.

ह्याच ओबँनें व त्याच्या सोबत्यांनीं १९५० च्या सुमारास राजधानींतील होली ट्रिनिटी देवळाच्या भिंतींवर बायबलांतील प्रसंग काढले. त्यांतील माणसें, रस्ते आणि डोंगर सारे हैतीचे होते. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपांत देऊळ कोसळलें. लक्षावधि लोक बेघर झाले होते, प्रेतें रस्त्यांवर होतीं, आणि अशा वेळीं अमेरिकेंतील एका प्रसिद्ध धर्मोपदेशकानें दूरचित्रवाणीवर सांगितलें कीं ह्या लोकांच्या पूर्वजांनीं फ्रेंचांपासून सुटण्यासाठीं सैतानाशीं करार केला होता, त्याचें हें फळ! बोआ केमाँच्या शपथेचें हें त्याचें भाषांतर. देवळाच्या भिंतींवरील तीन चित्रें तेवढीं वांचलीं, त्यांपैकीं एक ओबँचें शेवटलें भोजन.

राजधानींत एक पुतळा आहे, अल्बेर मॉन्गोनेस ह्या शिल्पकारानें १९६७ सालीं पुरा केलेला. पळून गेलेला गुलाम एका गुडघ्यावर टेकला आहे. पायांत तुटलेली बेडी, एका हातांत कोयता, आणि दुसऱ्या हातानें ओंठांस लावलेला शंख. बंडाची हांक एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर ह्या शंखानें जात असे. शंखाचा नाद आपल्या कानांस परका नाहीं, म्हणून हा पुतळा मला विशेष जवळचा वाटतो.

आणि दर वर्षीं १ जानेवारीस, गरीब असो कीं श्रीमंत, हैतीच्या प्रत्येक घरीं भोपळ्याचें सार शिजतें. गुलामांनीं तें रांधावयाचें, पण चाखावयाचें नाहीं, असा मळेवाल्यांचा दंडक होता, असें तेथें सांगतात. म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशीं पहिल्या प्रथम तेंच सर्वांनीं प्यालें. परदेशीं पोटासाठीं गेलेले हैतीचे लोकहि त्या सकाळीं शेजाऱ्यांकडे त्याचीं भांडीं पाठवितात. २०२१ च्या डिसेंबरांत युनेस्कोनें मानवजातीच्या वारशाच्या यादींत त्याची नोंद केली. त्यांत लाल भोपळा, गोमांस, बटाटे, गाजर, कोबी आणि शेवया घालतात, आणि तिखटासाठीं त्या बेटांवरची एक लहान, गोल, फारच झणझणीत मिरची असते. ती फुटूं न देतां अखंडच उकळत्या सारांत सोडतात, आणि पानांत वाढण्यापूर्वीं अलगद काढून घेतात.